बंद कारखान्याचे पॉवर हाऊस रात्री पाहायचे असेल तर

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी पसरलेल्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक क्षेत्रात आज डेटा सेंटर आणि गोदामे उभी राहत आहेत. परंतु त्यांच्या मधूनमधून, माजलेल्या सुबाभळीआड, जुन्या कारखान्यांची कुलूपबंद आवारे अजूनही दिसतात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसी) स्थापना १९६२ मध्ये झाली, ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत ठरली, आणि त्यानंतर खाडीपलीकडचा हा पट्टा रासायनिक व अभियांत्रिकी कारखान्यांनी भरून गेला. रसायने, कापड, कागद अशा उद्योगांना विजेइतकीच वाफही लागते. म्हणून बॉयलरच्या चढ्या दाबाच्या वाफेवर आधी टर्बाइन फिरवून वीज काढायची आणि उतरलेल्या दाबाची वाफ प्लँटला पुरवायची, ही व्यवस्था मोठ्या कारखान्यांना परवडत असे. कामगार त्या इमारतीला पॉवर हाऊस म्हणत, आणि बंद आवारातली सर्वांत उंच चिमणी बहुधा तिचीच असते.

असे पॉवर हाऊस रात्री कसे पाहावे, याची पद्धत येथे दिली आहे. छायाचित्रकार, अभियांत्रिकीचे आणि औद्योगिक इतिहासाचे अभ्यासक, तसेच ज्यांच्या घरातील कोणी अशा ठिकाणी थर्ड शिफ्ट केली आहे, त्यांना ती उपयोगी पडावी. कुंपण ओलांडून जाणाऱ्यांसाठी मात्र ती नाही. चोरून शिरणाऱ्याला दिवसा पाहणी करता येत नाही, जुन्या कामगाराला सोबत नेता येत नाही आणि पाय अडकला तर मोठ्याने हाक मारता येत नाही. रात्रीची फेरी सुखरूप होते ती याच तीन गोष्टींच्या आधारावर.

परवानगी कोणाची?

फाटकावर चिकटवलेली नोटीस आधी नीट वाचावी, कारण मालकी कोणाकडे आहे याचा धागा बहुधा तिथेच मिळतो. एमआयडीसीचे भूखंड सामान्यतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतात, त्यामुळे जमीन महामंडळाची असली तरी ताबा दुसऱ्याकडे असतो. कंपनी चालू असून केवळ हे युनिट बंद असेल, तर कंपनीच्या प्रशासन विभागाकडे अर्ज करावा. कंपनी २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली परिसमापनात, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याच्या प्रक्रियेत, गेली असेल, तर अधिकार राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने नेमलेल्या लिक्विडेटरकडे असतात. आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँकेने ताबा घेतला असेल, तर नोटिशीवर सही करणाऱ्या प्राधिकृत अधिकाऱ्याला भेटावे लागते. भंगाराचा ठेका घेतलेला ठेकेदार परवानगी देऊ शकत नाही. वॉचमनने तोंडी होकार दिला तरी तोही परवानगी नव्हे. काही विपरीत घडल्यास आपण घरी जातो आणि नोकरी त्याची जाते.

अर्जात तारीख, आत जाण्याची व बाहेर पडण्याची वेळ, प्रत्येकाचे नाव, हेतू आणि कोणत्या इमारतींत जाणार हे स्पष्ट लिहावे, जोखीम स्वतःची असल्याचे हमीपत्र जोडावे, आणि मंजूर पत्राची एक प्रत हद्दीतील पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी. विनापरवाना प्रवेशाबाबत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये फौजदारीपात्र अतिक्रमणाची व गृह-अतिक्रमणाची तरतूद आहे, तर रात्री लपूनछपून किंवा काही फोडून इमारतीत शिरण्याला कलम ३३१ खाली त्याहून कडक शिक्षा आहे. रेल्वेच्या मालमत्तेचे नियम आणखी वेगळे आहेत. मध्य रेल्वेच्या पूर्वसुरी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने विजेच्या गाड्यांसाठी ठाकुर्लीला उभारलेले चोळा पॉवर हाऊस ठाणे जिल्ह्यातले या प्रकारचे सर्वांत नामांकित ठिकाण. परंतु तिथे १९८९ च्या रेल्वे अधिनियमाचे कलम १४७ लागू होते, आणि रेल्वेच्या लेखी परवानगीशिवाय त्याचा विचारही करू नये.

आवारात गॅस कटिंग सुरू झाले असेल, तर परवानगी हातात असूनही जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणता खांब अर्धा कापून ठेवला आहे आणि कोणत्या तुळईचा भार कशावर आला आहे, हे दिवसा कटरवाल्याला ठाऊक असते. रात्री ते कोणालाच ठाऊक नसते.

कोणती रात्र निवडावी

पावसाळा सर्वस्वी वर्ज्य. आश्विनातही तळमजल्यांत पाणी साचलेले आणि गवत कमरेएवढे असते. कार्तिक ते फाल्गुन हा काळ उत्तम, कारण हवा कोरडी असते, झुडपे विरळ होतात आणि सापांचा वावर तुलनेने कमी असतो. पौर्णिमेच्या रात्री जाण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण खाडीलगतच्या आवारात पौर्णिमा व अमावास्या या उधाणाच्या तिथी आहेत. आगरी-कोळी लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. त्या ठोकताळ्याने पौर्णिमेला मध्यरात्रीच्या जरा आधी पाणी चढते, आणि खाडीच्या आत ठाण्याकडे आणखी थोडे उशिरा. ज्या आवाराचे नाले खाडीला मिळतात तिथे हेच पाणी पंप हाऊसच्या खड्ड्यांत आणि केबल ट्रेंचमध्ये उलटे येते. त्याऐवजी शुद्ध अष्टमी ते एकादशीची रात्र घ्यावी. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास होऊन मध्यरात्रीकडे ओहोटी लागते, उधाणाचा जोर नसतो, आणि चंद्र संध्याकाळीच माथ्याकडे असल्याने फुटक्या पत्र्यांतून टर्बाइन हॉलमध्ये उजेड पडतो. परतीसाठी वाहन ठरवून ठेवावे, कारण ट्रान्स-हार्बरची शेवटची गाडी पकडण्याच्या घाईत माणसे नको त्या जिन्याने उतरतात.

दिवसाची पाहणी

रात्रीची फेरी खरे तर दिवसाच ठरते. त्याच आठवड्यात, शक्यतो आदल्या दिवशी, भर उन्हात संपूर्ण मार्ग चालून पाहावा आणि रात्री त्या मार्गाबाहेर एक पाऊलही टाकू नये. या पाहणीला तिथे काम केलेला फिटर किंवा बॉयलर अटेंडंट सोबत असावा. दिघा, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे या गावांत असे निवृत्त लोक भेटतात, आणि चहाच्या टपरीवर चौकशी केली तर बहुधा माणूस मिळतो. ॲसिडची टाकी कुठे होती, केबलचा बोगदा कोणत्या फरशीखालून जातो, कोणती जाळी चालू काळातही हलत होती, ही माहिती कोणत्याही नकाशावर नसते. पाहणी करताना हातानेच आराखडा काढावा, मार्गावर दर वळणाला खडूने बाण करावा, आणि दिवसा एखाद्या जागेबद्दल जराशी शंका आली असली तरी ती आराखड्यावर काट मारून बाद करावी.

जिथे जायचेच नाही

पॉवर हाऊसमधला सर्वांत मोठा धोका दिसत नाही. बॉयलरचे ड्रम, भट्टी, धुराचे डक्ट, राखेचे हॉपर, कंडेन्सरचा (वाफ थंड करून तिचे पाणी करणाऱ्या यंत्राचा) हॉटवेल, तेलाच्या व पाण्याच्या टाक्या, केबलचे बोगदे आणि सर्व सम्प या बंदिस्त जागांमध्ये कोणत्याही कारणाने शिरू नये, मॅनहोलमधून डोकेही आत घालू नये. बॉयलर दीर्घकाळ बंद ठेवताना गंज टाळण्यासाठी त्यात नायट्रोजन भरून ठेवण्याची पद्धत आहे. आणि तो भरलेला नसला तरी बंद लोखंडी भांड्यातले गंजणे आतल्या हवेतला ऑक्सिजन खात राहते. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो आणि १९.५ च्या खाली गेला की जागा असुरक्षित समजतात. घुसमट जाणवते ती मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साचल्याने, ऑक्सिजन कमी पडल्याने नव्हे. म्हणून अशा जागेत माणसाला पूर्वसूचना न मिळताच शुद्ध हरपते, आणि त्याला काढायला धावलेला दुसराही तिथेच पडतो.

साचलेल्या पाण्याच्या खड्ड्यांत हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो, थोड्या प्रमाणात सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण दशलक्ष भागांत सुमारे १०० भाग झाला की नाकाची संवेदनाच बधिर होते. वास नाहीसा झाला म्हणून वायू गेला असे समजणे जिवावर बेतू शकते. कारखाना चालू होता त्या काळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमानेही कलम ३६ मध्ये अशा जागांतील प्रवेशावर कडक अटी घातल्या होत्या आणि कलम ३६-अ मध्ये आत न्यायच्या हातदिव्याचा दाब २४ व्होल्टपर्यंत मर्यादित केला होता. सज्ज पथक, जीवरक्षक दोर आणि परवाना असतानाही जे काम जपून केले जाई, ते हौसेने करण्याचे नाही. उघड्या हॉलमध्ये फिरतानाही चार वायू मोजणारा डिटेक्टर कमरेला असावा. तो भाड्यानेही मिळू शकतो, आणि तो वाजला की कारण शोधत न बसता आल्या वाटेने बाहेर पडावे.

दुसरी वर्ज्य गोष्ट म्हणजे लोखंडी उंची. पायाखालची जुनी लोखंडी जाळी पाहताना मधला भाग शाबूत दिसतो, पण गंज धरतो तो कडेला, जिथे ती तुळईवर टेकलेली असते आणि पाणी साचून राहते. त्यातून खाडीचा खारा वारा आणि चिमणीच्या धुरातील गंधक यांनी वर्षानुवर्षे आपले काम केलेले असते. भंगारचोर जाळीच्या क्लिपा आणि चेकर्ड प्लेटचे (जमिनीवर बसवलेल्या उठावाच्या नक्षीच्या लोखंडी पत्र्याचे) बोल्ट आधी काढतात आणि उरलेले पुढच्या खेपेला नेण्यासाठी जागेवर तसेच ठेवून जातात. अशी प्लेट वरून अगदी जागेवर दिसते आणि पाय पडताच उलटते. म्हणून काँक्रीटच्या जमिनीवरूनच चालावे, टर्बाइन फ्लोअरवर जायचे ते काँक्रीटच्या जिन्यानेच, आणि बॉयलरभोवतीचे लोखंडी प्लॅटफॉर्म खालूनच पाहावेत. कूलिंग टॉवरच्या हौदावर शेवाळ आणि जलपर्णी दाटून तो गवताच्या पट्ट्यासारखा दिसतो, राखेच्या तळ्यावरही वाळलेली साय धरते. चांदण्यात दोन्ही जागा अगदी भक्कम भासतात.

वीज बंद आहे असे कधीही गृहीत धरू नये. वॉचमनच्या केबिनचे दिवे चालू असतील, तर महावितरणची लाइन आवारात कुठेतरी जिवंत आहे, आणि ती पॉवर हाऊसच्याच स्विचगिअरमधून फिरवलेली असू शकते. पॅनेल उघडू नयेत, लोंबत्या केबलला हात लावू नये. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी हे विषारी संयुग असण्याची शक्यता असते, त्यामुळे तेलाच्या डागांवरून चालणे टाळावे. पाणी शुद्ध करणाऱ्या डीएम प्लँटमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि कॉस्टिक सोडा, तर बॅटरी रूममध्ये गंधकाम्ल असते; टाक्या रिकाम्या असल्याचे कोणी सांगितले तरी तळाशी गाळ राहतोच. वाफेच्या पाइपांवरचे पांढरे, तंतुमय, लोंबणारे वेष्टण ॲस्बेस्टस असू शकते. पाहून ते ओळखता येत नाही. त्याला स्पर्श करू नये, त्याखाली झाडू किंवा पंखा वापरू नये, आणि ते जिथे भुगा होऊन जमिनीवर पडले असेल तो भाग मार्गातून वगळावा. साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क या धुळीला निरुपयोगी आहे, पी१०० फिल्टरचा घट्ट बसणारा अर्धमुखवटा लागतो.

आता सजीवांबद्दल. मण्यार रात्री हिंडते. घोणस आणि नाग उंदरांच्या मागावर केबल ट्रेंचपाशी असतात, म्हणून हात टेकण्यापूर्वी उजेड टाकावा आणि उंच, जाड बूट घालावेत. सर्पदंश झाल्यास जखमेला काप देऊ नये, आवळपट्टी बांधू नये. अवयव स्थिर ठेवून १०८ ला फोन करावा आणि कळव्याच्या किंवा वाशीच्या पालिका रुग्णालयाची वाट धरावी. फारसा कोणी सांगत नाही असा एक धोका आग्या मोहोळाचा आहे. चिमणीच्या आणि पाण्याच्या टाकीच्या कडांखाली ही पोळी असतात, आणि आग्या माश्या रात्री डिवचल्या गेल्या की उजेडाकडे झेपावतात. त्यामुळे दिवसा दुर्बिणीने पोळी शोधून ठेवावीत, आणि रात्री टॉर्चचा झोत वरच्या कडांवर मारू नये.

सोबत आणि साहित्य

आत किमान तिघे आणि फाटकावर एक, अशी टोळी असावी. तिघे यासाठी की एक जखमी झाला तर दुसरा त्याच्याजवळ बसतो आणि तिसरा बाहेर जातो. लोखंडी सांगाड्यात मोबाइलचे नेटवर्क अनेकदा मिळत नाही, म्हणून प्रत्येकाजवळ शिट्टी असावी, आणि ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात आतले बाहेर आले नाहीत तर फाटकावरच्याने स्वतः आत न शिरता ११२ ला कळवावे. हनुवटीपट्टीचे हेल्मेट, पोलादी टोकाचे व खिळा न शिरणाऱ्या तळव्याचे बूट, जाड सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, डोक्यावरचा एक आणि हातातला एक असे दोन दिवे, सुटे सेल, पाणी, प्रथमोपचाराची पेटी. तेलाच्या टाक्यांजवळ धूम्रपान नको, हे सांगायला नको.

डोक्यावरचा दिवा चालण्यापुरता असतो. पाहायचे ते हातातल्या दिव्याने. तो कमरेखाली, तिरपा धरला की जमिनीतला खड्डा सावलीने उठून दिसतो. समोरून पडणाऱ्या उजेडात तोच खड्डा सपाट भासतो. याच तिरप्या उजेडात नेमप्लेटवरची पुसट अक्षरे आणि भिंतीवर रंगाखाली दबलेल्या सूचना वाचता येतात, आणि रात्री जाण्याचे मला पटलेले खरे कारण हेच आहे.

काय पाहावे आणि कसे वाचावे

भटकण्यापेक्षा इंधनाची वाट धरावी आणि ती विजेपर्यंत न्यावी. सुरुवात यार्डपासून होते. कोळशाचा बंकर आणि कन्व्हेअर दिसला तर प्रश्नच नाही; नसेल तर तेलाच्या पाइपाला चिकटून धावणारी बारीक नळी शोधावी. जड इंधन तेल थंड झाले की घट्ट होते, एलएसएचएस (कमी गंधकाचे जड इंधन) तर नेहमीच्या तापमानालाही गोठते, म्हणून ते वाहते ठेवण्यासाठी ही वाफेची नळी लागे. भारतीय मानक आयएस २३७९ नुसार पाइपांना रंग दिलेले असतात: पाण्याला समुद्री हिरवा, हवेला आकाशी, तेलाला फिका तपकिरी, वाफेला चंदेरी, ॲसिडला गडद जांभळा. रंग उडाला असला तरी क्लँपच्या आडोशाला तो टिकून राहतो. ही खूण वाचायला शिकले की अर्धे पॉवर हाऊस आपोआप उलगडते, आणि जांभळ्यापासून दूर राहण्याची सवयही लागते.

बॉयलर बाहेरूनच पाहावा. त्याच्या अंगावर कोरलेला नोंदणी क्रमांक, वरचा ड्रम आणि वॉटर गेज टिपून घ्यावेत. तिथून चंदेरी मुख्य पाइपाच्या मागे गेले की टर्बाइन येते, आणि खरा मुक्काम इथे करावा. नेमप्लेटवर वेग मिनिटाला ३००० फेरे असेल तर टर्बाइन थेट दोन ध्रुवांच्या जनरेटरला जोडलेले आहे, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. टर्बाइनचा वेग त्याहून बराच जास्त आणि जनरेटरचा १५०० असेल, तर मध्ये गिअरबॉक्स असणारच, तो शोधावा. पुढे, टर्बाइनमधून वापरून झालेली वाफ कुठे जाते हे पाहावे. खालच्या मजल्यावर मोठा कंडेन्सर आणि बाहेर ऐसपैस कूलिंग टॉवर असेल, तर या कारखान्याला विजेची गरज अधिक होती. कंडेन्सर नसून जाड पाइप थेट प्लँटकडे जात असेल, तर ते बॅक-प्रेशर टर्बाइन आहे, म्हणजे मालकाला हवी होती वाफ, आणि वीज ही वाटेतली कमाई होती. एका पाइपाच्या दिशेवरून कारखान्याचा सारा हिशेब कळतो, याचे मला दर वेळी नवल वाटते.

टर्बाइनच्या एका टोकाला छोटी मोटार आणि दाते असलेले चाक दिसले तर ते बॅरिंग गिअर. गरम रोटर एका जागी थांबला तर स्वतःच्या वजनाने व असमान तापमानाने वाकतो, म्हणून बंद केल्यावरही तासन्‌तास तो संथ फिरवत ठेवावा लागे. कंट्रोल रूममध्ये शिफ्ट लॉगबुक उघडे पडलेले असेल, तर शेवटची नोंद त्या फिरवण्याबद्दल आहे का ते पाहावे: असेल, तर संच पुन्हा चालू होईल या भरवशाने बंद केला गेला, लोड एकाएकी शून्य होऊन पुढची पाने कोरी असतील, तर गोष्ट वेगळी. भिंतीवरचा सिंगल लाइन डायग्राम (विजेच्या जोडण्यांचा एकेरी रेषांचा आराखडा), धोक्याच्या सूचनांच्या काचांचे पॅनेल आणि ब्रेकरच्या मुठीला लटकलेली ‘काम चालू आहे’ची पाटी यांची छायाचित्रे अवश्य घ्यावीत, वस्तू मात्र जागची हलवू नये, एक पानही सोबत आणू नये, कारण परिसमापनातल्या आवारात त्या प्रत्येक वस्तूची यादी झालेली असू शकते.

छायाचित्रांसाठी तिपाई आणि लांब एक्स्पोजर पुरेसे असते. फोकस दिव्याच्या उजेडात हाताने जुळवावा आणि एक्स्पोजर चालू असताना कोणीही चालू नये. कॅमेऱ्याच्या काचेतून पाहत मागे सरकणे तर अजिबात नको.

बाहेर पडल्यावर

फाटकावर रजिस्टरमध्ये वेळ लिहून सही करावी आणि नवीन काही धोकादायक दिसले असल्यास, उदाहरणार्थ ताजी कापलेली तुळई किंवा उघडे पडलेले मॅनहोल, ते वॉचमनला तोंडी आणि मालकाला लेखी कळवावे. बूट व कपडे गाडीत बसण्यापूर्वी पिशवीत बंद करावेत, घरी न झटकता वेगळे, ओले करून धुवावेत. वटवाघळांची विष्ठा पडलेल्या जागेतून गेल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप-खोकला आला तर डॉक्टरांना या भेटीबद्दल आवर्जून सांगावे, एरवी ते त्या दिशेने विचार करणार नाहीत. दुसऱ्याच दिवशी आराखडा स्वच्छ काढावा, नेमप्लेटवरचे उत्पादकाचे नाव, वर्ष, मेगावॉट, दाब व तापमान त्यावर लिहावे, आणि सोबत आलेल्या कामगाराकडून ते तपासून घ्यावे. छायाचित्रांचा एक संच मालकाला व एक त्या कामगाराला द्यावा. सार्वजनिक ठिकाणी टाकताना प्लॉट क्रमांक, कुंपणाची मोडलेली जागा आणि तांब्याच्या केबलची छायाचित्रे वगळावीत, कारण भंगारचोरही तीच छायाचित्रे पाहतात.